नकाशात ओढा नाही, मग पार्किंगमध्ये पाणी कुठून येतं?

चौथा_मजला (धागाकर्ती)

मंडळी, आमच्या महापालिकेने (नाव घेत नाही, घेतलं की धागा भलतीकडे जाईल) प्रारूप विकास आराखडा यावेळी ऑनलाइन टाकलाय. भिंतीवर टांगलेल्या नकाशासमोर मान मोडेपर्यंत उभं राहायला नको. मोबाइलवर बोटांनी मोठा करायचा, लेयर चालू-बंद करायचे, गट नंबर टाकला की लाल चौकट उमटते. मला फार आवडलं. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तासभर तेच बघत बसले होते.

मग आमची सोसायटी शोधली. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून ओढा आहे. आठ महिने कोरडा. त्यात प्लास्टिक, फाटक्या गाद्या आणि कोणीतरी टाकलेला एक कमोड. पण पाऊस लागला की तो आपण कोण आहोत ते दाखवतो. गेल्या वर्षी पार्किंगमध्ये स्कूटरची चाकं बुडाली आणि वॉचमनकाकांची प्लास्टिकची खुर्ची तरंगत लिफ्टच्या दारापर्यंत गेली. नकाशात हा ओढा नाहीच. जलस्रोतांचा लेयर चालू करून पाहिला, बंद करून पाहिला. ओढ्याच्या जागी पिवळा रंग, म्हणजे निवासी, आणि वरून १२ मीटरचा रस्ता.

अहवालात 'शाश्वत' हा शब्द मात्र पहिल्या दहा पानांत १४ वेळा आहे. मोजला मी.

तर दोन प्रश्न. उपग्रह, ड्रोन, जीआयएस (नकाशावर माहितीचे थर चढवणारी संगणक प्रणाली) असं सगळं वापरूनही वाहता ओढा सुटतो कसा? आणि या डिजिटल प्रकाराने शहरं खरंच शहाणपणाने आखली जातायत, की जुन्याच चुका आता रंगीत दिसतात?

बाकरवडी_प्रेमी

रुमाल टाकून ठेवतो. तोवर कमोडचा लेयर आहे का ते बघा.

पिक्सेलराव

पोटापाण्यासाठी उपग्रहचित्रंच बघतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो.

जमीनवापराचा नकाशा करायला ढग नसलेलं चित्र लागतं. आपल्याकडे ते मिळतं नोव्हेंबर ते मे. म्हणजे तुमचा ओढा जेव्हा वाहतो तेव्हा वर ढग, आणि आकाश निरभ्र असतं तेव्हा ओढा कोरडा. वर्षानुवर्षं फोटो काढले तरी तो पाणी म्हणून सापडायचा नाही. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, पण दाटीवाटीच्या इमारतींमध्ये त्यांचं चित्र वाचणं हे कटकटीचं काम.

दुसरं म्हणजे चौकटीचा आकार. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, पण त्यातली सगळ्यात बारीक चौकट १० मीटरची. तुमचा ओढा सहा मीटर रुंद असेल तर एकाच चौकटीत ओढा, भिंत, बाभूळ आणि अर्धी स्कूटर बसते. सगळ्यांचा मिळून एक रंग येतो. उंचीचा फुकट नकाशा तर ३० मीटरच्या चौकटींचा. त्यावरून संगणक पाण्याची वाट काढतो खरा, पण त्या उंचीत इमारतींची छतंही मिसळलेली असतात, त्यामुळे पाणी कधी कधी गच्चीवरून वाहतं.

ड्रोनने हे दिसतं, नाही असं नाही. पण ड्रोन उडवणाऱ्याला जे मोजायला सांगितलं तेवढंच तो मोजतो. बहुतेक वेळा सांगितलेलं असतं: इमारती मोजा, घरपट्टी वाढवायची आहे.

टेकडीकर

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. आमच्याकडे गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडची नोटीस महिन्याभरात आली. त्याच ड्रोनला शेजारची फोडलेली टेकडी दिसली नाही.

लेआउट_पास

आर्किटेक्ट आहे, शिव्या घालायच्या तर घाला. बांधकाम परवानगीचं काम आता सॉफ्टवेअर करतं. आम्ही ड्रॉइंग ठरलेल्या लेयरमध्ये, ठरलेल्या नावांनी काढून चढवतो. सॉफ्टवेअर सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), जिन्याची रुंदी, पार्किंग सगळं तपासतं. पूर्वी यासाठी टेबलाटेबलावर फाइल फिरायची आणि प्रत्येक टेबलाची भूक वेगळी. तो त्रास कमी झाला, हे मी छातीठोकपणे सांगेन.

पण नाल्याचा लेयर मी काढलाच नाही, तर सॉफ्टवेअर 'नाला कुठे गेला?' असं विचारत नाही. जे आहे ते नियमात आहे का, एवढंच बघतं. पाऊस जिरवायच्या खड्ड्याचंही तेच. ड्रॉइंगवर दोन वर्तुळं, आत रेती-खडीचे थर दाखवलेले, एकदम पास. साइटवर मी स्वतः बघितलंय, त्या जागी तुळशी वृंदावन होतं. बिल्डर म्हणाला, साहेब, पाणी तर रोज घालतोच.

बाकरवडी_प्रेमी

जलपुनर्भरण झालंच की हो, तांब्याने.

कावळा_कुंपणावरचा

धागा वाचून हसू येतंय. ताई, पाणी कुठून वाहतं हे माहीत नसल्यामुळे कुठल्याही शहरात पाणी तुंबलेलं नाही. सगळ्यांना माहीत असतं. पुण्याचा आंबील ओढा घ्या. कात्रजहून निघतो, मुठेला मिळतो. शाळेतल्या पोराला ठाऊक. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवला, पर्वतीखाली तळं केलं, कात्रजला बांध घालून नळाने शहरात पाणी आणलं. १७५० च्या आसपासची गोष्ट. त्या नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते, दाब मोकळा व्हावा म्हणून. कुठला उपग्रह होता? आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याने वीसहून जास्त माणसं नेली. तेव्हा नकाशे नव्हते का? ढिगाने होते. ओढ्याचं पात्र आवळलं गेलं ते दिवसाढवळ्या, सर्वांच्या साक्षीने.

डिजिटल बिजिटल सगळी धूळफेक आहे. तंत्रज्ञान हा इच्छाशक्तीवरचा उतारा नाही.

पिक्सेलराव

कावळेकाका, निम्मं मान्य. पण पेशव्यांच्या पुण्याची वस्ती किती आणि आज किती? आज शे-दोनशे ओढ्यांना शेकडो फाटे आहेत, ते एका माणसाच्या डोक्यात मावत नाहीत.

दादर_टीटी

मुंबईकराचे चार आणे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दिवशी कुलाब्याला त्या मानाने फारच कमी होता. म्हणजे एकाच शहरात दोन पावसाळे, आणि हे त्या वेळी कोणालाच कळलं नाही. नंतर जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. २०२० मध्ये 'आयफ्लोज' आलं: पावसाचा अंदाज, भरती, नाल्यांची क्षमता, जमिनीचा उतार हे एकत्र करून कुठल्या वॉर्डात किती पाणी चढेल ते आधी सांगायचं. याला मी धूळफेक म्हणणार नाही. मुंबईत पावसाइतकीच भरती महत्त्वाची. दोन्ही एकाच वेळी आली की पाण्याला जायला दार नाही. हे गणित हाताने करत बसलात तर उत्तर येईपर्यंत पाणी ओसरलेलं असेल.

पण कावळेकाका दुसऱ्या निम्म्यात बरोबर आहेत. मुंबईच्या जुन्या गटारांची क्षमता तासाला २५ मिमी पावसाची. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती ५० करायला सांगितली, आणि ते काम किती रखडलं ते आम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलंय. सेन्सरने पाणी चढल्याचं कळतं, गटार रुंद होत नाही. दादरजवळच्या, दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमाताला फरक पडला तो मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधून, वर पंप लावून. म्हणजे शेवटी खड्डाच खणावा लागला.

सदूची_आई

आमच्याकडे स्मार्ट पाणीमीटर बसवलेत. मीटर आपणहून रीडिंग पाठवतो म्हणे. पाणी तासभरच येतं, उरलेला वेळ तो हवा मोजत बसतो आणि त्याचंही बिल लागतं, असं आमच्या ह्यांचं ठाम मत. यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पिक्सेलराव

काकू, तुमच्या ह्यांचं मत अगदीच चूक नाही. अधूनमधून पाणी येणाऱ्या नळात आधी हवा सुटते आणि काही मीटर तिच्यावरही फिरतात. म्हणूनच मीटर आणि चोवीस तास पाणी या गोष्टी जोडीने येणं अपेक्षित असतं. बऱ्याच ठिकाणी नवरा आलाय, नवरी यायचीय.

व्हाळकाठची

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. २०११ चा म्हणून जो प्रादेशिक आराखडा आला होता, तो लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ मध्ये मागे घ्यायला लावला. पुढे २०२१ च्या आराखड्याच्या वेळी गावागावात नकाशे पाठवून सूचना मागवल्या. माझे बाबा तेव्हा पंचायतीत जाऊन बसायचे. सर्व्हे नंबर टाकलेला मोठा नकाशा टेबलावर, आणि म्हाताऱ्या बायका बोट ठेवून सांगायच्या: ही झर, इथे खाजनाचा बांध, इथे मानस. (खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन; मानस म्हणजे तिच्यात खारं पाणी आत-बाहेर सोडायचं दार.) तो आराखडाही पुढे वादात सापडला, ती कथा मोठी आहे. पण नकाशा गावासमोर उलगडल्यावर त्यात काय काय भरलं जातं, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. ते काम ड्रोनने झालं नसतं. फक्त टेबलानेही झालं नसतं. नकाशा आधी कोणीतरी छापून आणला होता.

कृष्णाकाठी

व्हाळ वाचून बरं वाटलं. कोकणात पऱ्ह्या, आमच्या कराडकडं ओघळ, ओढा. शहरात आला की त्याचा नाला होतो. ओढा होता तोवर आमी पोहायचो, नाला झाल्यापास्नं नाक धरतो.

बाकरवडी_प्रेमी

आणि शेवटी 'बॉक्स कल्व्हर्ट' (जमिनीखालची काँक्रीटची चौकोनी मोरी) होतो. मग त्यावर पार्किंग.

संपादक_मंडळ

सदस्यांनी विषयाला धरून लिहावे. ओढ्याच्या बोलीतील नावांसाठी वेगळा धागा काढावा.

कृष्णाकाठी

काढला. "तुमच्याकडे ओढ्याला काय म्हणतात?" ४१ प्रतिसाद झालेत, या धाग्याच्या पुढं गेला.

टोरांटोचा_टोणगा

डिजिटल शहराचं एक स्वप्न आमच्या गल्लीशेजारी पडलं आणि गेलं, ते सांगतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये गुगलच्या घरातल्या साइडवॉक लॅब्जने टोरांटोच्या तळ्याकाठी कीसाइड नावाच्या १२ एकरांवर 'इंटरनेटमधून उगवलेलं' शहर बांधायचं जाहीर केलं. सेन्सर, आपोआप गरम होणारे पदपथ, कचऱ्यासाठी जमिनीखालून यंत्रं. लोकांनी विचारलं, आमच्या चालण्याबसण्याची माहिती कोणाकडे राहणार? नीट उत्तर मिळालं नाही. मे २०२० मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. कारण दिलं कोविडनंतरच्या आर्थिक अनिश्चिततेचं.

आता पुढचं. त्याच जागेला लागून डॉन नदीचं मुख होतं. शंभर वर्षांपूर्वी भराव घालून नदीला काटकोनात वळवलं होतं. तिथे खोदून नदीला नवं वळणदार पात्र दिलं, काठाला पाणथळ जागा केल्या, २०२४ मध्ये त्यात पाणी सोडलं. पूर कुठे कसा पसरेल याचं सगळं गणित संगणकावरच झालं. सेन्सरवालं शहर गेलं, संगणकाने आखलेली नदी राहिली. मी रविवारी पोरांना घेऊन जातो.

कावळा_कुंपणावरचा

तुमच्याकडे रविवारी नदीवर जातात. आमच्याकडे नदी रविवारी घरी येते.

चौथा_मजला

काका, हे भारी होतं.

सिंगापुरी_भेळ

टोणगेसाहेबांना जोड. इथे बिशान पार्कमध्ये कालांग नदीचं २.७ किमीचं सरळसोट काँक्रीटचं गटार होतं. ते फोडून ३.२ किमीची वळणं घेणारी नदी केली, २०१२ मध्ये पूर्ण झालं. एरवी मुलं पाण्यात दगडांवरून उड्या मारतात. वरच्या बाजूला पाण्याची पातळी मोजणारे सेन्सर आहेत; पाणी वाढू लागलं की भोंगा वाजतो, दिवे लागतात, लोक वर सरकतात आणि नदी पसरते. सेन्सर आहे म्हणून नदीला मोकळं सोडता आलं, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

मात्र 'सिंगापूर बघा' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: इथली बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे. नदीला पन्नास फूट जास्त द्यायचे तर पन्नास सातबारे उघडावे लागत नाहीत.

मोजणीवाले_आबा

सातबाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालो. बोटं अजून टायपिंगला सरावलेली नाहीत, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही साखळीने मोजणी केली. ३३ फुटांची साखळी, ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा. पुढे टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारं दुर्बिणीचं यंत्र) आलं, आता रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र). काम दहापट लवकर होतं, चूकही कमी. माझा यंत्राशी काही वाद नाही. वाद आहे तो कापडी नकाशा स्कॅन करून संगणकात बसवतात त्याच्याशी. कापड घडीवर ताणतं, दमट हवेत आखडतं. चार कोपरे जुळवले की मधला ओढा पाचपंधरा फूट सरकतो. मग बसवणाऱ्या मुलाला तो कुणाच्या तरी इमारतीत गेलेला दिसतो आणि तो पुसून टाकतो. त्याला वाटतं चूक दुरुस्त केली.

अजून एक. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर (डोंगर, नद्या, वाटा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर) बारमाही पाणी निळ्या शाईत आणि पावसाळी ओढे काळ्या रेघेने असतात. संगणकात उतरवताना 'निळं ते पाणी' असं समजून चाललं की काळ्या रेघा पाऊलवाटा ठरतात. तुमच्या ओढ्यावर रस्ता आला आहे ना? माझा अंदाज आहे, खात्री नाही, पण ती काळी रेघ आधी वाट झाली असेल आणि मग रस्ता.

आता कामाचं. चौथा मजलाताई, इथे लिहून ओढा नकाशात जाणार नाही. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकत द्यावी लागते. तारीख बघा. हरकतीला हे जोडा: गावनकाशाची प्रमाणित नक्कल, तुमच्या गटाचं टिपण (मोजणीच्या वेळी केलेला मापांचा कच्चा नकाशा), आणि सोसायटी व्हायच्या आधीचा जुना सातबारा. त्यात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) 'ब' वर्ग किती ते बघा. ओढे, रस्ते, सार्वजनिक वापराची जागा 'ब' मध्ये जाते. पोटखराबा निघाला म्हणजे ओढा सरकारनेच लिहून ठेवलेला आहे, तुम्ही नवीन काही सांगत नाही. सोबत पावसाळ्यातले फोटो. मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून काढलेले असतील तर उत्तम.

लेआउट_पास

आबा, दंडवत. वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पोटखराबा 'ब' हा मी फक्त वजाबाकीसाठी वापरला.

टेकडीकर

वाखूसा (वाचनखूण साठवली).

पिक्सेलराव

आबांचं काळ्या रेघेचं डोक्यात बसलं. मी स्वतः उमेदवारीच्या काळात 'निळं ते पाणी' केलेलं आहे. कुठल्या शहराचं ते विचारू नका.

सदूची_आई

तरीच.

कावळा_कुंपणावरचा

हरकती हजारांनी येतात, सुनावणीला माणशी दोन मिनिटं मिळतात. शुभेच्छा.

दादर_टीटी

काका, पण दोन मिनिटं मिळतात तीही नकाशा दिसला म्हणून. पूर्वी आराखड्यात काय आहे ते बिल्डरला आधी कळायचं आणि आपल्याला जेसीबी आल्यावर. ताईंना चूक सापडली ती शनिवारी रात्री, घरी, नाइट ड्रेसवर. मला तरी हा या सगळ्या डिजिटल प्रकारातला सर्वांत मोठा फायदा वाटतो. नकाशा हुशार झाला नसेल, पण हाताशी आला.

चौथा_मजला

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत येतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

आबांनी सांगितलेलं सगळं केलं. जुना सातबारा 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेला मिळाला, अक्षर लावायला दोन संध्याकाळी गेल्या. पोटखराबा 'ब' आहे! गावनकाशातही ओढा आहे, आणि तो आमच्या भिंतीच्या बाहेर नाही. आमची मागची भिंत, जनरेटरची खोली आणि सी विंगचं पार्किंग ओढ्यात आहे.

ही गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि तिथून वेगळंच रामायण सुरू झालं. काल जे म्हणत होते महापालिका झोपलीय, ते आज म्हणतायत कशाला उकरून काढता, फ्लॅटचे भाव पडतील. सेक्रेटरींनी ग्रुप 'ॲडमिन ओन्ली' (फक्त ॲडमिनच लिहू शकतील असा) करून मला गप्प केलं.

मग मी, वॉचमनकाका आणि खालच्या गावठाणातल्या एक आजी, असे तिघं ओढ्याने चालत गेलो. आजींनी हातातल्या काठीने दाखवायचं, मी तिथे उभं राहून मोबाइलवर खूण करायची. मोठ्या रस्त्याखालच्या मोरीपर्यंत २३ खुणा झाल्या. वाटेत आजींनी धुणं धुवायचा दगड दाखवला. आता तो अर्धा आमच्या भिंतीच्या पायात आहे, पण वरचा गुळगुळीत भाग दिसतो. हात लावून पाहिला.

हरकत शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी दिली. सोसायटीच्या नावाने नाही, माझ्या एकटीच्या. ऑनलाइन अर्जात 'जलप्रवाहाचे नाव' हा रकाना सक्तीचा होता, रिकामा ठेवला तर पुढे जाईना. आजींना फोन केला. म्हणाल्या, म्हसोबाचा ओघळ.

मोजणीवाले_आबा

शाब्बास. पावती घेतलीत ना?

चौथा_मजला

ऑनलाइन नंबर आला. तरी ऑफिसात जाऊन छापील प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. शिक्क्यावरची तारीख हाताने फिरवायची असते, ती कालचीच राहिली होती. त्यांना सांगून आजची करून घेतली.

कृष्णाकाठी

ओघळ! त्या दुसऱ्या धाग्यात टाकतो.